मनोरा वगळला तरी चालेल

बुधवार, १२ नोव्हेंबर
ऑफिसमधून, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असालच. आम्हीही आहोत. इथे सकाळची थंडी पडायला लागली आहे, तेव्हा मुलांचे स्वेटर आणा. तुझ्या सहलीसाठी हा माझा पहिला सल्ला. असे बरेच देणार आहे. तू मागितलेसच ना.

म्हणजे माझ्याकडे नाही मागितलेस. शहराच्या पर्यटन माहिती कक्षाकडे मागितलेस, ई-मेलवर, 'महोदय' असा मायना घालून. 'आम्ही चौघे, त्यात दोन मुले, या महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आपल्या शहरात येत आहोत. कृपया दोन दिवसांचा आटोपशीर कार्यक्रम सुचवावा.' आपल्या शहरात! दादा, आपल्या म्हणजे कुणाच्या रे?

कक्षात माणसं दोन. एक मी, दुसरे नकाशेकाका. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला लागेल त्या कागदावर रस्ता काढून देतात, म्हणून सगळं गाव त्यांना नकाशे म्हणतं. तुला वाटलं असेल, मेल ते बघत असतील. बघतातच. त्यांनीच तुझं पत्र छापून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"बाई, तुमच्या आडनावाचे कुणीतरी येतायत. नात्यातले का?"

"आडनावबंधू असतील," मी म्हटलं.

"मग उत्तर तुम्हीच द्या. आडनावाची लाज राखा."

राखली. ऑफिसचं उत्तर आज सकाळी तुला गेलं आहे, सोबत रंगीत नकाशा, 'आपला प्रवास सुखाचा होवो' वगैरे. ते ऑफिसचं. हे माझं, आणि हे हाताने लिहितेय, कारण कीबोर्डवर रागाने बोटं आपटली तर नकाशेकाका मान वर करून बघतात.

तर मुक्काम. तळ्याकाठचं हॉटेल घेऊ नका. फोटोत निळं दिसतं ते पाणी फोटोतच निळं आहे. बोटवाले सकाळपासून भोंगे लावून बसतात आणि संध्याकाळी डास माणसाला उचलून नेतील इतके. स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन साधी हॉटेलं आहेत, चादरी रोज बदलतात. त्याच गल्लीतून पुढे गेलं की एक तीन खोल्यांचं घरही आहे. मागच्या खोलीत तुझा पलंग अजून आहे, त्यावर सध्या मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते. पण तू हॉटेल विचारलंस, म्हणून हॉटेल सांगितलं.

शनिवारी आल्या आल्या संग्रहालय बघून घ्या. सगळं शहर पालथं घातलं तरी तिथल्याइतकं स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळणार नाही, ही गोष्ट आमच्या पुस्तिकेत लिहीत नाहीत आणि पाहुणे सगळ्यात आधी तीच विचारतात. वरच्या दालनातले दिवे कुणी आलं तरच लावतात, तेव्हा पहारेकऱ्याला गोड बोलून लावायला सांगा. तुला गोड बोलता येतं. बाजारात दुपारी जाऊ नका, अर्धी दुकानं झोपलेली असतात. ऊन उतरल्यावर जा. तुझ्या धाकट्याला जुन्या घड्याळांच्या गल्लीत सोड, तास दोन तास हूं की चूं करणार नाही. वहिनींना सांग, चपला चांगल्या घाला, बाजारातल्या फरशा सारख्या नाहीत.

झाला की नाही शनिवार? आता रविवार.

तुझ्या पत्रात तू लिहिलं आहेस, 'फार चालणे नको. मुलांना कंटाळा येईल असे काही नको.' इथवर ठीक. सगळे असंच लिहितात. आणि मग शेवटी, सहीच्या जरा वर, 'मनोरा वगळला तरी चालेल.'

दादा, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! या गावात बघण्यासारखं आहे काय? एक मनोरा आणि मनोऱ्यातली घंटा. लोक लांबून येतात ते त्याच्यासाठी, आणि मग गाडीला वेळ आहे म्हणून तळं आणि संग्रहालय बघतात. आमच्या पाटीवर मनोरा, आमच्या शिक्क्यावर मनोरा. इथे यायचं आणि मनोरा वगळायचा म्हणजे न्हाव्यासमोर बसून सांगायचं की केस सोडून बाकी काय ते करा. नकाशेकाकांनी नेमकं त्याच ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. म्हणाले, "बाई, या गृहस्थांना उंचीची भीती वाटत असणार."

मी म्हटलं, "हो, भीतीच आहे."

कसली ते मला ठाऊक आहे आणि तुलाही. मनोऱ्याच्या दाराशी रोज सकाळी बाबा उभे असतात.

हे मी इथेच थांबवणार होते. ऑफिसचं उत्तर पाठवायचं, तुम्ही यायचं, तळं बघायचं, जायचं. नकोच कटकट, असं ठरवून मी डबा उघडला होता. तेवढ्यात तुझ्या थोरलीचा निरोप आला. मधूनमधून येत असतात तिचे निरोप, तुला माहीत नसेल. लिहिलं होतं, 'आत्या, आम्ही तुझ्या गावाला येतोय! बाबा म्हणाले तू तेव्हा परगावी असणार. आणि आजोबांच्या दवाखान्यात कुणालाच भेटू देत नाहीत ना? मला दवाखाना बाहेरून तरी बघायचाय. तो आपल्या रस्त्यात येतो का?'

सोळा वर्षांची पोर. आजोबांच्या दवाखान्याची इमारत बघायला मागते, प्रेक्षणीय स्थळ म्हणून!

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. काय देऊ? तू सांग. इतकी वर्षं मी लोकांना या शहरातली ठिकाणं दाखवते, पण जो दवाखाना नाहीच, तो कुठल्या चौकात दाखवू? आणि मला कुठे पाठवलंयस? परगावी म्हणजे नेमकं कुठे, तेही कळव. निदान चांगल्या ठिकाणी तरी पाठव. डोंगरावर वगैरे. मी कधी गेले नाहीये.

अक्षर बिघडलं असेल तर समजून घे.

मागच्या खेपेला काय झालं ते मी विसरलेले नाही. तू सांगून आला नव्हतास, बाबांना चकित करायचं होतं तुला. थेट मनोऱ्यावर गेलास. बाबा दाराशी होते. त्यांनी तुला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "या साहेब. कुठून आलात? एकटेच?"

तू म्हणालास, "बाबा, मी."

आणि ते हसून म्हणाले, "अहो, मला सगळे बाबाच म्हणतात. तिकीट काढलंत का?"

तिकिटाच्या खिडकीतल्या मावशींनी मला हे सगळं सांगितलं. तू बराच वेळ समोरच्या बाकावर बसून होतास म्हणे. मी ऑफिसमधून धावत आले तर तू बॅग उचललेली. मला एवढंच बोललास, "त्यांना कळतच नाही, तर येऊन उपयोग काय?" आणि दुपारच्या गाडीने गेलास. घरी पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

उपयोग. हा शब्द मी तेव्हापासून घोळवतेय. बाबा काय मिक्सर आहेत?

मला वाईट वाटलं होतं तुझ्यासाठी, खरंच. तुझा चेहरा पडला होता तो बघून मला रडू आलं होतं. म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. पण तू त्या एका सकाळवर तीन वर्षं काढलीस, दादा. माझी रोजच ती सकाळ असते. त्यांना चहा मी देते, दाढीचं पाणी मी काढते, शर्टाची बटणं मी लावते, आणि ते मला 'ऑफिसातल्या बाई' म्हणतात. संध्याकाळी दिवे लावले की अगदी अदबीने सांगतात, "बाई, उशीर झाला. आता निघा तुम्ही, घरी तुमची माणसं वाट बघत असतील." मी "निघतेच हं" म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. मी बॅग उचलून कुठल्या गाडीने जाऊ?

घरात त्यांना न्हाणीघर सापडत नाही. मनोऱ्यात मात्र त्यांचा हात अंधारात नेमका कठड्यावर पडतो. कुठला दगड कुठून आणला, कुठली खिडकी वाऱ्यासाठी आणि कुठली पहाऱ्यासाठी, कुठे डोकं वाकवायचं, सगळं जसंच्या तसं. आता तिकिटाबरोबर कानात घालायची यंत्रं मिळतात, बटण दाबलं की बाई बोलते. तरी पाहुणे यंत्र काढून खिशात टाकतात आणि बाबांचं ऐकतात. आणि त्यांचा तो नियम आठवतो ना? आपल्याला दोघांनाही जिन्यात उभं करून शिकवला होता. दाखवणारा माणूस नेहमी पाहुण्यांच्या खालच्या अंगाला. चढताना शेवटी, उतरताना पहिला. "कुणी घसरलंच, तर माझ्या अंगावर पडू दे, दगडावर नको." अजून तो नियम मोडत नाहीत. म्हातारा माणूस, पाय लटपटतात, पण सगळ्यांच्या खाली.

म्हणून मी त्यांच्याही खाली चालत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला अडवलं. "बाई, पाहुण्यांनी मागे राहायचं नाही." मग मी सांगितलं, ऑफिसातून तपासणीला आलेय. खूश झाले. "तपासणी का? मग राहा शेवटी. सगळं दिसेल तुम्हाला." तेव्हापासून रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी एक फेरी, मी तपासणीला.

गेल्या महिन्यात ते घसरले. वळणावर, उतरताना. माझ्या अंगावर पडले. त्यांना काही झालं नाही. माझा गुडघा गेला. पट्टा बांधून हिंडते, डॉक्टरांनी जिने बंद केलेत. हे मी तुला कळवलं नाही, कारण कळवून उपयोग काय, हा तुझाच शब्द.

त्यानंतर मनोऱ्याचे व्यवस्थापक घरी आले. चांगला माणूस आहे, दारात चपला काढून आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. म्हणाला, "बाई, उद्या काही झालं तर मला कोण सोडेल? या महिनाअखेरपर्यंत घरचं कुणी सोबत असेल तर वर सोडतो. एक तारखेपासून नाही म्हणजे नाही. नवी समिती येतेय." घरचं कुणी म्हणजे कोण? मी जिना चढू शकत नाही. तेव्हापासून बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे राहतात आणि लोकांना खालूनच सांगतात. मधूनच तिकिटाच्या मावशींना विचारतात, "तपासणीच्या बाई आल्या नाहीत का आज? त्या आल्या की वर जाऊ." मी खिडकीच्या आड उभी राहून ऐकते.

महिनाअखेर म्हणजे तुझाच तो शनिवार-रविवार. तू तारीख शोधून काढलीस असं मी म्हणणार नाही. पण तुझा हात पडला तो नेमका तिथे, आणि वर लिहितोस, वगळला तरी चालेल. नाही चालणार, दादा.

एक गोष्ट राहिली. ती लिहायची नाही असं ठरवलं होतं, पण लिहिली नाही तर तू वर गेल्यावर गडबडशील.

घंटेपाशी पोचलं की बाबा एक हकिकत सांगतात. तीच, संध्याकाळची. दार लावून सगळे खाली आले आणि एक मूल वर घंटेमागे लपून राहिलं. अंधार पडायला लागला तेव्हा घाबरून त्याने घंटेची दोरी ओढली. भलत्याच वेळी घंटा वाजली म्हणून आग लागली समजून सगळा बाजार बादल्या घेऊन धावत आला, आणि बाबा सगळ्यांच्या पुढे. पाहुणे हसतात. बाबा दोन्ही हातांनी दोरी ओढून दाखवतात.

आधी ते 'माझी पोरगी' म्हणायचे. तुला माहीत आहे, तू त्या दिवशी गोवर अंगावर घेऊन घरी पडला होतास. मी होते वर. मला पोटाशी धरून ते जिना उतरले होते, आणि त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते मला आजही कानाला लागल्यासारखं ऐकू येतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. मी ऐटीत ऐकत असायचे.

आता ते 'माझा मुलगा' म्हणतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राहवलं नाही. मी खालच्या पायरीवरून म्हटलं, "मुलगी होती ना हो?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. पाहुण्यांशी बोलतात तशा सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही इथे नव्या दिसता."

त्यानंतर मी कधी दुरुस्ती केली नाही.

पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, "मग तो मुलगा आता कुठे असतो?" बाबा म्हणतात, "असतो ना, मोठ्या शहरात. येणार आहे. आला की त्यालाच विचारा, भीती वाटली का." रोज येणार आहेस तू. मी पट्टीची तपासणी करणारी, रोज शेवटच्या पायरीवर उभी राहून ऐकायचे की तू येणार आहेस. तुला वाटतं ते तुला विसरले. अरे, तू तर गोष्टीत आहेस. मला गोष्टीतूनसुद्धा काढलंय.

बघ, लिहू नको म्हणत होते ते लिहिलंच.

तर रविवारचा कार्यक्रम. सकाळी दार उघडायच्या वेळी पोचा, नंतर गर्दी होते. पाण्याच्या बाटल्या घ्या, वर पाणी नाही. पिशव्या मावशींकडे ठेवा, हात मोकळे हवेत. व्यवस्थापकांना मी सांगून ठेवते की घरचं माणूस सोबत आहे. बाबांना 'बाबा, मी' म्हणू नकोस. पाहुणा म्हणूनही जाऊ नकोस, कारण पाहुण्याला ते आपल्या खाली चालू देणार नाहीत. त्यांना सांग, "ऑफिसातून तपासणीला आलोय. नेहमीच्या बाईंना आज जमलं नाही." मुलांना दवाखान्याचं सांगितलंस, तसं हेही जमेल तुला. हे निदान कुणाच्या कामाचं आहे.

चढताना वळणावर त्यांचा डावा पाय आधी जातो आणि मग ते क्षणभर थांबतात. तिथे तुझा हात त्यांच्या पाठीच्या जरा खाली असू दे. लावू नकोस, नुसता असू दे. लावला तर त्यांना अपमान वाटतो.

घंटेपाशी ते ती हकिकत सांगतील. सांगू दे. पोरांना हसू दे. 'तो मुलगा मीच' असं म्हणावंसं वाटलं, तर म्हण. मी हे लिहिताना तोंड कडू करून लिहितेय, पण म्हण. कदाचित ते विचारतील, भीती वाटली का. तू हो म्हण. मला वाटली होती.

पण थोरलीला खाली आल्यावर खरं सांग. दवाखाना नाही, हे सांग. आणि वर अडकली होती ती आत्या, हे सांग. आपल्या घरात ते आता तुला आणि मलाच माहीत आहे, आणि मला फक्त एवढंच हवंय की आणखी कुणाला तरी माहीत असावं.

मी परगावी जाणार नाहीये. दाराशी मावशींच्या खिडकीजवळ उभी असेन, पट्टा बांधून. बाबा माझी ओळख करून देतील, "या ऑफिसातल्या बाई." तेव्हा मान खाली घालू नकोस. पोरीला पुढे कर आणि माझं नातं सांग तिला, बाबांच्या देखत, मोठ्याने.

सुट्टी संपली. खिडकीपाशी कुणीतरी तळ्याची वाट विचारतंय आणि नकाशेकाका कागद शोधतायत. तुझं मूळ पत्र मी त्यांना पाठकोरा म्हणून दिलंय.

स्वेटर विसरू नका. बाकी काहीही विसरलास तरी एवढं ध्यानात ठेव: चढताना शेवटी, उतरताना पहिला.

तुझी बहीण